डोलोमियूचा दगड, डोलोमियूचा मासा

१८०२ साली लासेपेद या फ्रेंच निसर्गअभ्यासकासमोर एका माशाचा नमुना होता. त्याच्या पाठीवरचा पर मागच्या बाजूला तुटला होता. लासेपेदला वाटलं, मागे उरलेला तुकडा म्हणजे वेगळाच, इवलासा पर आहे. म्हणून त्याने नाव दिलं 'मायक्रॉप्टेरस', म्हणजे छोट्या पराचा. नावाचा दुसरा भाग त्याने आपल्या खनिजशास्त्रज्ञ मित्रावरून घेतला: 'डोलोमियू'. याच डोलोमियूच्या नावावरून दहा वर्षं आधी एका दगडाला डोलोमाइट म्हणायला सुरुवात झाली होती.

मासा आणि दगड एकाच माणसाच्या नावाचे, हा निव्वळ योगायोग. पण अमेरिकेत मिसूरीचा दक्षिण भाग आणि आर्कान्साचा उत्तर भाग मिळून जो ओझार्कचा डोंगराळ मुलूख होतो, तिथे हे दोन नामबंधू एकाच नदीत राहतात, आणि एक दुसऱ्याला पोसतो. हा मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास. वाहत्या नदीत गळ टाकून तो पकडायला अमेरिकेत ज्या जागा नावाजल्या आहेत, त्यांत ओझार्क वरच्या ओळीत आहे. करंट, जॅक्स फोर्क, इलेव्हन पॉइंट, गॅस्कोनेड, बिग पायनी, बफेलो: एकाच पठारावर इतक्या नद्या, आणि सगळीकडे तोच मासा. असं का, याचं उत्तर बरंचसं त्या दगडात आहे.

आधी माशाची ओळख. स्मॉलमाउथचं तोंड काही फार लहान नसतं. त्याच्या चुलतभावाचा, लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, याचा डोळ्याखालीच संपतो, एवढाच फरक. अंग पितळी-हिरवट, त्यावर उभे गडद पट्टे, डोळा बहुतेक वेळा लालसर. लार्जमाउथला संथ, कोमट पाणी आणि पाणवनस्पती आवडतात. याला हवं वाहतं, स्वच्छ पाणी, तळाला दगडगोटे आणि लपायला मोठ्या शिळेची किंवा पडलेल्या झाडाच्या मुळांची आडोशाची जागा.

ओझार्कच्या डोलोमाइटचे थर साधारण ४८ ते ५० कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचले. डोलोमाइट हा चुनखडीचा भाऊ, कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असलेला. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना थोडं आम्ल होतं आणि हा दगड हळूहळू विरघळवतं. भेगा रुंदावतात, त्यांच्या गुहा होतात, जमीन खचून खळगे पडतात. सह्याद्रीच्या बेसाल्टवर वाढलेल्या आपल्याला हे जरा अद्भुत वाटतं. आपल्याकडे पाऊस काळ्या कातळावरून धावत सुटतो आणि एप्रिल-मेपर्यंत कित्येक नद्यांचे नुसते डोह उरतात. ओझार्कमध्ये पाणी जमिनीच्या पोटात शिरतं, अंधारात कित्येक किलोमीटर चालतं आणि कुठल्या तरी कड्याच्या पायथ्याशी निळंशार होऊन उसळतं. व्हॅन ब्यूरन गावाजवळचा 'बिग स्प्रिंग' रोज सरासरी १०८ कोटी लिटर पाणी देतो. मुंबईच्या रोजच्या पाणीपुरवठ्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त, आणि ते एकाच झऱ्यातून! पाण्यात निरुपद्रवी रंग सोडून केलेल्या तपासणीत याच झऱ्याला सुमारे ६० किलोमीटर दूरचं, तेही दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात मुरलेलं पाणी येतं असं दिसून आलं.

जमिनीखालून आलेल्या या पाण्याचं तापमान उन्हाळा असो की हिवाळा, १४ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. नदी उन्हाळ्यात आटत नाही, फार तापत नाही, आणि पाऊस नसला की इतकी नितळ होते की डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशाला भक्ष्य लांबून दिसतं. मग जितके झरे जास्त तितकं बरं का? नाही. १४ अंश हे ट्राउटचं, म्हणजे गार पाण्यात रमणाऱ्या दुसऱ्या माशाचं सुख आहे, बासचं नव्हे. बासची वाढ पाणी वीस अंशांच्या वर गेल्यावरच जोमाने होते. इलेव्हन पॉइंट नदीवर हे डोळ्यांनी पाहता येतं. ग्रीअर स्प्रिंग हा प्रचंड झरा तिला मिळतो तिथे नदीतलं पाणी एकदम दुपटीहून जास्त होतं आणि थंडही. झऱ्याच्या वरच्या अंगाला स्मॉलमाउथचं राज्य, खालच्या अंगाला ट्राउटचं. नदी तीच, राज्याची सीमा थर्मामीटरने आखलेली. उलट ज्या उपनद्यांना झरेच नाहीत, त्या ऑगस्टमध्ये कोमट आणि संथ होतात आणि तिथे दुसऱ्या जातींचं फावतं. स्मॉलमाउथचा उत्तम पट्टा या दोहोंच्या मधला: झऱ्याचं पाणी मिळालेलं, पण काही मैल उन्हात वाहून निवलेपण गमावलेलं.

दगड विरघळतो म्हणजे तो पाण्यात उतरतो. ओझार्कचं पाणी त्यामुळे 'जड' असतं, कॅल्शियमने भरलेलं. घरातली किटली त्याने खराब होते, पण क्रेफिशला ते वरदान. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, दिसायला छोट्या शेवंडासारखा प्राणी. शेवंड-खेकड्यांच्याच बिरादरीतला. वाढायचं तर त्याला जुनं कवच टाकून नवं घालावं लागतं, आणि कवचाला कॅल्शियम लागतं. कात टाकण्याआधी तो जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम काढून पोटात दोन पांढऱ्या गोळ्यांच्या रूपात साठवतो, जणू अडीअडचणीची पुरचुंडी. ते पुरत नाही, बाकीचं पाण्यातून घ्यावं लागतं. ओझार्कच्या पाण्यात ते मुबलक. म्हणून इथे दगड उलटला की क्रेफिश निघतो, आणि मिसूरीत त्याच्या तिसाहून जास्त जाती आहेत.

आणि बासचा जीव त्याच्यावर. लहानपणी तो पाणकिडे आणि बारीक मासे खातो. हातभर नाही पण वीतभर झाला की मुख्य जेवण क्रेफिशचं. ओझार्कच्या नद्यांतल्या मोठ्या स्मॉलमाउथच्या आहारात निम्म्याहून जास्त वाटा क्रेफिशचा असतो. गळाला लावायची खोटी आमिषं तिथे तपकिरी-शेंदरी आणि नांग्यांची का असतात, ते यावरून कळावं.

डोलोमाइटमध्ये चर्ट नावाचा गारगोटीच्या जातीचा दगड गाठीगाठींनी असतो. तो विरघळत नाही. भोवतालचा डोलोमाइट वाहून गेला की चर्टचे तुकडे मागे उरतात, ओढ्यांतून नदीत येतात आणि तिचा तळ गोट्यांनी मढवतात. दगडाचा विरघळलेला भाग माशाचं अन्न घडवतो, न विरघळलेला भाग त्याचं बाळंतघर. मला या साऱ्या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हेच.

वसंतात पाणी साधारण १५-१६ अंशांवर गेलं की नर शेपटीने गोटे झाडून एक पसरट वाटी तयार करतो, बहुधा शिळेच्या किंवा ओंडक्याच्या आडोशाला. मादी अंडी घालून निघून जाते. नर थांबतो. अंड्यांवर परांनी वारा घालतो, सनफिशसारख्या चोरांना हाकलतो, पिल्लं काळ्या ढगासारखी वर उठली तरी काही दिवस त्यांच्या मागे फिरतो. याच काळात त्याला कुणी गळाने वर काढलं, तर चार-दोन मिनिटांत चोर घरटं लुटतात. म्हणून मिसूरीच्या ओझार्कमधल्या बहुतेक नद्यांत मेच्या चौथ्या शनिवारपर्यंत बास घरी नेता येत नाही, पकडलाच तर सोडावा लागतो.

घरट्याचा मोठा शत्रू पूर. एक जोराचा पूर मे महिन्यात आला की त्या वर्षाची पिढी जवळपास पुसली जाते. मात्र हा मासा दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, आणि एखाद्या वर्षीचं नुकसान पुढचं चांगलं वर्ष भरून काढतं. अट एकच: अंडी घालायला मोठे, जुने मासे नदीत उरलेले असावेत.

इथे दगडाची कामगिरी संपते आणि माणसाची सुरू होते. मोठा मासा हीच कीर्ती, असं समजणाऱ्यांनी तलावात जावं. या जातीचा विक्रमी मासा १९५५ साली टेनेसी-केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावात मिळाला, वजन ११ पौंड १५ औंस. नदीत असली माया नसते. ओझार्कच्या नदीत १२ इंच लांबी गाठायला बासला चार ते सहा वर्षं लागतात. १८ इंची मासा म्हणजे तिथे आयुष्यभराची आठवण, आणि वयाने तो पुष्कळदा तुमच्या चौथीतल्या पोराएवढा. सर्वसाधारण नियमाप्रमाणे १२ इंचाचा मासा ठेवता येतो, दिवसाला सहा. जिथे गाडीरस्ता नदीला भिडतो तिथे मग १२ इंचाच्या वरचे मासे विरळ होत जातात. निवडक पट्ट्यांत मिसूरीच्या संवर्धन खात्याने ही मर्यादा १५ इंच आणि दिवसाला एकच अशी केली आहे. तीन इंचांचा फरक कागदावर क्षुल्लक, पाण्यात दोन-तीन वर्षांचा. आपल्याकडे महाडजवळच्या वाळण कोंडात मासे देवाचे म्हणून वाचले. तिथे फूटपट्टीने वाचतात.

सगळं काही फूटपट्टीने वाचलेलं नाही. व्हाइट नदी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्मॉलमाउथसाठी गाजलेली होती. सपाट तळाच्या लांबलचक लाकडी होड्यांतून दिवसेंदिवस तरंगत जायचं, रात्री वाळूवर मुक्काम करायचा, अशा सफरींवर ब्रॅन्सनसारख्या गावांची चूल पेटायची. १९५१ साली बुल शोल्स आणि १९५८ साली टेबल रॉक ही धरणं झाली. तलावाच्या खोलातून सुटणारं पाणी बारमाही गार. बास गेला, ट्राउट आणून सोडला, आणि आज तीच नदी ट्राउटसाठी नावाजली जाते. ट्राउटवाल्यांना त्याचं काय दुःख असणार! करंट आणि बफेलोवरही धरणांचे बेत होते. लोक भांडले, म्हणून करंट आणि जॅक्स फोर्कला १९६४ साली आणि बफेलोला १९७२ साली राष्ट्रीय संरक्षण मिळालं.

लाकूडतोडीची जखम मात्र अजून वाहते आहे. १८८० ते १९२० च्या दरम्यान ओझार्कची पाइनची जंगलं जवळपास साफ झाली, मग मोकाट गुरं आणि वणवे आले. छोट्या ओढ्यांच्या काठांतली चर्टची खडी सुटली आणि तिच्या लाटा दशकानुदशकं खाली सरकत राहिल्या. घरट्याला लागणारी खडीच अति झाली तर डोह बुजवते.

आणि हिवाळ्यात बासला डोहच लागतो. नोव्हेंबरमध्ये नदी गारठली की जो झरा उन्हाळ्यात थंड वाटत होता तोच आता भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार ठरतो. काही बास कित्येक किलोमीटर पोहून झऱ्याजवळच्या खोल पाण्यात येतात आणि दाटीवाटीने, फारसे न हलता तिथे राहतात. हाच ओझार्कमध्ये भाल्याने मासे मारण्याचा हंगाम. रात्री होडीच्या नाकावर प्रखर दिवे लावून, काचेसारख्या पाण्यात तळापर्यंत बघत, लांब दांड्याचा त्रिशूळ सकर माशावर मारायचा आणि काठावरच तळून खायचा, अशी तिथली पिढ्यांची रीत. बासला भाला लावणं बेकायदा आहे आणि बहुतेक जण ते पाळतात. पण डोह सगळ्यांना ठाऊक असतो, दिव्याखाली लाल डोळा स्पष्ट दिसतो, आणि त्या थंडीत दहा वर्षांचा मासा काही झपकन पळत नाही.