डक : पर्यटनातील जुनी उभयचर वाहने आणि त्यांची सुरक्षितता

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी बनवलेला, रस्त्यावर चाकांवर आणि पाण्यात पंख्याच्या (प्रोपेलरच्या) जोरावर चालणारा सहाचाकी मालट्रक. अधिकृत नाव डीयूकेडब्ल्यू, बोलण्यात ‘डक’. युद्ध संपल्यावर भंगाराच्या भावात निघालेले हे ट्रक हौशी व्यावसायिकांनी विकत घेतले, त्यांवर बाके आणि छत चढवले आणि पर्यटकांना गावातून फिरवत थेट तलावात किंवा नदीत उतरवण्याचा धंदा सुरू केला. १९४६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील विस्कॉन्सिन डेल्स येथे सुरू झालेली सहल या व्यवसायाची सुरुवात मानली जाते. पुढे बॉस्टन, सिअ‍ॅटल, फिलाडेल्फिया, ब्रॅन्सन, लंडन, लिव्हरपूल अशा अनेक ठिकाणी अशा सहली निघू लागल्या. या वाहनांच्या अपघातांत गेलेल्या माणसांची संख्या, आणि त्याहीपेक्षा त्या अपघातांची कारणे आधीच लेखी नोंदलेली होती ही गोष्ट, यांमुळे हा विषय प्रवासी वाहतुकीच्या सुरक्षिततेच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला आहे.

मूळ वाहन १९४२ मध्ये आकाराला आले. जनरल मोटर्सच्या अडीच टनी लष्करी ट्रकभोवती पोलादी पत्र्याची नाव बसवायची, अशी ही रचना होती. नावेच्या भागाची आखणी नौका-रचनेत नावाजलेल्या स्पार्कमन अँड स्टीव्हन्स या कंपनीने केली. लांबी सुमारे ३१ फूट, रिकामे वजन साडेसहा टनांच्या आसपास, वेग रस्त्यावर ताशी ८० किमी आणि पाण्यात ताशी जेमतेम १० किमी. अशी २१ हजारांहून अधिक वाहने तयार झाली. सिसिली, नॉर्मंडी आणि पॅसिफिकमधील बेटांवर जहाजातला माल बंदराशिवाय किनाऱ्यावर आणण्याचे काम त्यांनी चोख केले. १९४२ च्याच हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ वादळात रुतलेल्या तटरक्षक नौकेवरील माणसे एका डकने सुखरूप बाहेर काढली होती. तेव्हा मुळातली रचना टाकाऊ होती असे म्हणता येणार नाही. पण ती युद्धातल्या थोड्या काळाच्या कामासाठी होती. ती चालवायला प्रशिक्षित सैनिक होते, आणि माल हरवला तरी चालेल असा हिशेब होता. तीस-पस्तीस प्रवासी घेऊन दिवसातून अनेक फेऱ्या, आणि त्याही पन्नास-साठ वर्षे, हे तिच्या आखणीत कुठेच नव्हते.

धोका समजून घ्यायचा तर डकच्या पोटाखाली पाहावे लागते. साध्या बोटीच्या बुडाला शक्य तितकी कमी भोके असतात. डकला तीन ॲक्सल (चाकांना जोडणारे आस), प्रत्येकाकडे इंजिनाची ताकद नेणारा फिरता शाफ्ट (दांडा), शिवाय पंख्याचा शाफ्ट आणि पाणी काढून टाकण्यासाठी बुडाला बसवलेली बुचे असतात. शाफ्ट जिथे पत्र्यातून बाहेर पडतो तिथे घडीदार रबरी बूट असतो आणि तो दोन टोकांना क्लॅम्पने आवळलेला असतो. रबर जुने झाले, क्लॅम्प सैल बसला किंवा बूच लावायचे राहिले की पाणी थेट आत येते. आत आलेले पाणी अडवायला आडव्या भिंती नाहीत. संपूर्ण बूड म्हणजे एकच मोकळी खोली. वरच्या काठापर्यंत पाणी चढले की उरलेली तरंगण्याची ताकद एकदम संपते आणि कित्येक टनांचे लोखंड काही सेकंदांत तळाशी जाते. अभियंते या कमतरतेला राखीव तरणक्षमतेचा अभाव म्हणतात. पाणी भरले तरी नाव काठोकाठ का होईना तरंगत राहावी, एवढीच अपेक्षा. मूळ डक ती पुरी करत नाही.

१ मे १९९९ रोजी आर्कान्सास राज्यातील हॉट स्प्रिंग्सजवळच्या हॅमिल्टन तलावात ‘मिस मॅजेस्टिक’ नावाची डक बुडाली. वाहनात चालकासह २१ जण होते. १३ जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. पाण्यात उतरून साधारण सात मिनिटे झाली असताना मागचा भाग खाली गेला आणि पाहता पाहता ती ६० फूट खोल तळाशी पोहोचली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) केलेल्या तपासात मूळ कारण निघाले ते शाफ्टवरचा एक सुटलेला रबरी बूट. देखभाल अपुरी होती आणि तटरक्षक दलाची तपासणीही अपुरी होती, असा ठपका मंडळाने ठेवला. परंतु बुडण्याच्या कारणाइतकेच मृत्यूचे कारण महत्त्वाचे होते. प्रवाशांच्या डोक्यावर पुढून मागपर्यंत ताणलेले सलग छत होते. वाहन खाली जाऊ लागल्यावर माणसे वर तरंगली आणि छताला जाऊन अडकली.

या छतामुळे एक विचित्र पेच तयार होतो. एरवी बोटीत लाइफ जॅकेट घालणे हा पहिला नियम. छत असलेल्या डकमध्ये मात्र जॅकेट घातलेला माणूस पाणी भरताच वर ढकलला जातो आणि छताच्या कापडाला चिकटून बसतो. बाहेर पडायला त्याला खाली बुडी मारावी लागते, आणि जॅकेट नेमके तेच करू देत नाही. म्हणून मंडळाने आधी छत काढा, मग जॅकेट घाला, असा क्रम सुचवला. राखीव तरणक्षमता बसवा, ती बसेपर्यंत छत उतरवा, अनावश्यक भोके कायमची बंद करा, पाणी आल्याचा इशारा देणारी यंत्रणा आणि सक्षम बिल्ज पंप (बुडातले पाणी उपसणारा पंप) ठेवा, अशा शिफारशी २००२ पर्यंत कागदावर आलेल्या होत्या. सहली चालवणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी त्या मानल्या नाहीत आणि तटरक्षक दलाने त्या सक्तीच्या केल्या नाहीत. पुढची सर्व हकीकत या एका निर्णयाच्या छायेत वाचावी लागते.

त्याच वर्षी, जून २००२ मध्ये, कॅनडातील ओटावा नदीत ‘लेडी डक’ बुडून चार जणांचा मृत्यू झाला. हे वाहन युद्धकालीन नव्हते, आधुनिक फोर्ड ट्रकवर बांधलेले होते. तरीही पाणी आत शिरणे आणि छताखाली अडकणे ही जोडी इथेही तीच होती. दोष केवळ जुनेपणाचा नाही हे यातून दिसते.

तरणक्षमता वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बुडातील मोकळ्या जागेत फोम भरणे. ब्रिटनने तो अवलंबला आणि त्याच्या मर्यादा २०१३ मध्ये एकाच उन्हाळ्यात उघड झाल्या. १५ जूनला लिव्हरपूलच्या सॉल्टहाउस डॉकमध्ये ‘वॅकर क्वॅकर १’ प्रवाशांसह बुडाली, सगळे वाचले. त्याच ताफ्यातली दुसरी एक डक त्याआधी मार्चमध्ये बुडाली होती. तपासात वाहनात आवश्यक तेवढा फोम नसल्याचे आढळले. २९ सप्टेंबरला लंडनमध्ये थेम्स नदीवर ‘क्लिओपात्रा’ला आग लागली. तीसही जणांना वाचवण्यात आले. त्यांतल्या काहींनी पाण्यात उड्या टाकल्या होत्या. इथे कारण उलटे होते : फोम इतका दाबून भरलेला होता की तो फिरत्या शाफ्टला घासून तापला आणि पेटला. ट्रकच्या चेसिसभोवती (सांगाड्याभोवती) बांधलेल्या बुडात पुरेसा फोम बसवायला जागाच नसते, आणि बसवला तर खालचे शाफ्ट, सांधे आणि गंज तपासायला हात पोहोचत नाही. एक सुरक्षा दुसरीच्या आड येते. जुन्या वाहनाला नव्या नियमांत बसवताना येणारी ही अडचण खरी आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय सहल कंपन्यांचे म्हणणे नीट कळत नाही. तरीही छत काढण्याला अशी कोणतीच अडचण नव्हती.

१९ जुलै २०१८ रोजी मिझुरी राज्यातील ब्रॅन्सनजवळच्या टेबल रॉक तलावात ‘स्ट्रेच डक ७’ बुडून ३१ पैकी १७ जण मृत्यू पावले. त्यांतले नऊ एकाच कुटुंबातले होते. ही डक १९४४ ची, पुढे लांबी वाढवून घेतलेली. संध्याकाळी ६ वाजून ३२ मिनिटांनी हवामान विभागाने त्या भागासाठी तीव्र वादळाचा इशारा दिला. वादळ येण्याआधी पाण्यातला भाग उरकावा म्हणून सहलीचा क्रम उलटा करण्यात आला आणि ६.५५ च्या सुमारास वाहन तलावात उतरले. काही मिनिटांतच ताशी ११० किमीहून अधिक वेगाच्या झोतांनी तलाव उसळला. नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या), हवा आत घेण्यासाठी ठेवलेल्या झाकणातून लाटांचे पाणी आत शिरत गेले आणि सात वाजून आठ मिनिटांच्या आसपास डक बुडाली. छत होते. बाजूचे प्लास्टिकचे पडदे पावसासाठी खाली सोडलेले होते. जॅकेटे वाहनात होती, कुणाला घालायला सांगितले गेले नाही. त्याच वेळी तलावात असलेली दुसरी डक कशीबशी किनाऱ्याला लागली. मंडळाच्या अहवालाने इशाऱ्यानंतरही सहल चालू ठेवणाऱ्या कंपनीला दोष दिला आणि तटरक्षक दलाने १९९९ नंतरच्या शिफारशी अमलात न आणल्याचेही स्पष्ट नोंदवले.

रस्त्यावर आणि नदीतल्या रहदारीत या वाहनांचे आणखी काही दोष दिसतात. ७ जुलै २०१० रोजी फिलाडेल्फियात डेलावेअर नदीत इंजिन बंद पडून नांगर टाकून थांबलेल्या डकवर टगने (ओढबोटीने) ढकललेला बार्ज (सपाट बुडाची मालवाहू नाव) चढला. दोन हंगेरियन विद्यार्थी मरण पावले. इथे मुख्य दोष टग चालवणाऱ्याचा होता, तो त्या वेळी फोनवर होता. पण बंद पडलेली बुटकी डक बार्जवरून दिसतही नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. २४ सप्टेंबर २०१५ रोजी सिअ‍ॅटलच्या अरोरा पुलावर एका डकच्या पुढच्या ॲक्सलचे आवरण तुटले आणि ती समोरून येणाऱ्या बसवर आदळली. पाच आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. तोच भाग मजबूत करून घ्या, अशी सूचना डक तयार करणाऱ्या कंपनीने २०१३ मध्येच काढली होती. सिअ‍ॅटलच्या सहल कंपनीने ते काम केलेले नव्हते. उंच नाळेमागे बसलेल्या चालकाला अगदी पुढ्यातले पादचारी आणि दुचाकीस्वार दिसत नाहीत, हा आणखी एक दोष. २०१६ मध्ये बॉस्टनमध्ये एका स्कूटरस्वार तरुणीचा मृत्यू झाल्यानंतर मॅसॅच्युसेट्सने कॅमेरे व सेन्सर बंधनकारक केले, आणि चालकाने गाडी चालवता चालवता माहिती सांगत राहणेही बंद केले.

देखरेखीची विभागणी हे या सगळ्यामागचे प्रशासकीय कारण. एकच वाहन रस्त्यावर असताना एका खात्याचे आणि पाण्यात उतरताच तटरक्षक दलाचे. ॲक्सल पाहणारा बूड पाहत नाही, बूड पाहणारा ॲक्सल पाहत नाही.

अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०२२ मध्ये संमत केलेल्या कायद्यात डकसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तटरक्षक दलाने त्यांचे अंतरिम नियम जाहीर केले. पाण्यात उतरणाऱ्या डकवरील छत आणि पडदे काढणे, हवामानाचा अंदाज तपासून मगच उतरणे आणि पाण्यात जाताना प्रवाशांनी जॅकेट घालणे यांचा त्यांत समावेश आहे. राखीव तरणक्षमतेची अटही कायद्यात आहे. तोवर ब्रॅन्सन, सिअ‍ॅटल आणि फिलाडेल्फियातील त्या कंपन्यांच्या सहली बंद पडल्या होत्या. लंडनमधील सहल २०१७ मध्ये थांबली, ती मात्र थेम्समध्ये उतरण्याचा उतार भुयारी गटाराच्या कामासाठी गेल्यामुळे. जिथे सहली चालू आहेत तिथे अनेक कंपन्यांनी युद्धकालीन ट्रक निवृत्त करून नव्याने बांधलेली, फोमने भरलेले कप्पे असलेली वाहने आणली आहेत.