जर्मन मूक भयपट

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे जर्मनीत निघालेले, भुतेखेते, दुभंगलेली मने आणि जिवंत होणारे पुतळे यांच्या कथा मांडणारे मूकपट. 'प्रागचा विद्यार्थी' (१९१३) ते 'फाउस्ट' (१९२६) हा त्यांचा ठळक काळ. या सगळ्यांना सरसकट 'अभिव्यक्तिवादी', म्हणजे मनातली भावना दाखवण्यासाठी दिसणारे जग मुद्दाम वाकवणारे, म्हणण्याची सवय पडली आहे. 'डॉ. कॅलिगरी'ला हे नाव चपखल बसते. 'नोस्फेरातू'ला ते ओढूनताणून लावावे लागते.

रॉबर्ट वीने दिग्दर्शित 'डॉ. कॅलिगरी' बर्लिनमध्ये २६ फेब्रुवारी १९२० रोजी प्रथम दाखवला गेला. हेरमान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर रोरिग यांनी त्याचे नेपथ्य रंगवले. कलते रस्ते, सुळ्यांसारख्या खिडक्या, एवढेच नव्हे तर उजेडाचे पट्टे आणि सावल्याही ब्रशने काढलेल्या आहेत. नगरकारकून बसतो ते स्टूल इतके उंच आहे की समोरचा माणूस आपोआप खुजा होतो. सरकारी कचेरीतली अगतिकता एकाही शब्दाशिवाय दिसते. रंगवलेल्या नेपथ्याला मात्र दोन अडचणी असतात. रंगवलेली सावली हलत नाही, आणि रंगवून भासवलेल्या अंतरात नट मागे गेला की मागची घरे त्याच्यापुढे खेळण्यातली वाटू लागतात. म्हणून नटाची चालही चित्रासारखीच बेतावी लागते. कॉनराड फाइट भिंतीला घासत, एक हात वर ताणून सरकतो तेव्हा तो त्या भिंतीचाच एक फटकारा वाटतो. इतर काही नट नेहमीच्या ढंगात वावरतात आणि तेवढ्यापुरते चित्र उसवते.

फ्री. वि. मुर्नाऊचा 'नोस्फेरातू' (१९२२) उलट वाटेने गेला. विस्मार, ल्युबेकची जुनी मिठाची गोदामे, स्लोव्हाकियातला ओरावा किल्ला अशा खऱ्या जागी त्याचे चित्रण झाले. जंगलातल्या एका दृश्यासाठी थेट निगेटिव्ह प्रतिमाच वापरली, त्यामुळे झाडे पांढरी आणि आभाळ काळे दिसते. घोडागाडी भरधाव धावल्याचा भास देणारी युक्ती मात्र आज हसू आणते. जिन्याचे दृश्य पाहावे : पिशाच असलेला काउंट ओरलॉक स्वतः चौकटीत नाही, भिंतीवर फक्त त्याची सावली चढते आणि दाराशी पोहोचताच तिची बोटे लांबतात. दिवा खाली आणि नटाजवळ ठेवला की सावली अशी वाढते. दिव्याचा उगम जितका लहान, तितकी तिची कड धारदार.

या चित्रपटाचा प्रभाव आजचे प्रेक्षक पुष्कळदा गमावतात, आणि दोष बहुधा प्रतीचा असतो. तेव्हाची फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती, शिवाय रात्री बाहेर चित्रण करण्याइतकी संवेदनशीलही नव्हती. त्यामुळे रात्रीची दृश्ये उन्हातच घेऊन प्रदर्शनाच्या प्रतीला निळी छटा देत. छटा नसलेल्या काळ्यापांढऱ्या प्रतीत उन्हाने मरणारा पिशाच भरदुपारी शवपेटी काखेत घेऊन फिरताना दिसतो आणि कथेचा कणाच मोडतो. दुसरा घोटाळा वेगाचा. सेकंदाला १८ चौकटींनी दाखवला तर हा चित्रपट सुमारे ९४ मिनिटे चालतो. २४ चौकटींनी तो ७० मिनिटांत आटोपतो आणि ओरलॉक साकारणाऱ्या माक्स श्रेकची संथ, ताठ चाल बाहुलीच्या धावपळीसारखी होते.

युक्त्या बहुतेक कॅमेऱ्यातच होत. 'प्रागचा विद्यार्थी'मध्ये छायाचित्रकार गिडो झीबरने एकाच नटाला स्वतःसमोर उभे केले. भिंगाचा अर्धा भाग झाकून एक बाजू टिपायची, कॅमेरा चालवणारी मूठ किती वेळा फिरवली ते मोजून (एका फेऱ्याला ८ चौकटी) फिल्म मागे घ्यायची, मग झाकण दुसऱ्या बाजूला लावून तितकेच फेरे पुन्हा. कॅमेरा केसभर हलला किंवा नटाने मधली रेघ ओलांडली की सांधा उघडा पडतो. पॉल वेगेनरच्या 'गोलेम'साठी (१९२०) वास्तुरचनाकार हान्स पोल्त्सिश याने प्रागमधली ज्यू वस्ती रंगवली नाही, ओबडधोबड वळणांची घरे प्रत्यक्ष उभी केली. छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंडच्या प्रकाशयोजनेला त्यामुळे खऱ्या कोनाड्यांचा आधार मिळाला.

'नोस्फेरातू' हे ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) कादंबरीचे विनापरवाना रूपांतर होते. नावे बदलूनही ते लपले नाही. स्टोकरच्या विधवेने दावा लावला. १९२५ मध्ये न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला, पण परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या. कादंबरीतला काउंट दिवसाही वावरतो. उन्हाने पिशाच मरतो हा आज सर्वांना पाठ असलेला नियम याच 'चोरीच्या' चित्रपटाने रूढ केला.

भारताशी दुवा आहे, पण तो जपून सांगावा लागतो. म्युनिकच्या एमेल्का कंपनीतून आलेला छायाचित्रकार योझेफ विर्शिंग मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये रमला आणि 'महल' (१९४९) त्यानेच चित्रित केला. त्याची घडण या भयपटांवर झालेली नव्हती. तरीही 'महल'मधल्या जिन्यांवरचा अंधार त्यांच्या जवळचा वाटतो.

'कॅलिगरी'चे मूळ कॅमेरा निगेटिव्ह टिकले असले, तरी त्यातला पहिला अंक हरवला आहे. २०१४ मध्ये झालेल्या जीर्णोद्धारात तो भाग इतर प्रतींवरून भरून काढला; बाकीच्या भागात कापडावरचे ब्रशचे फटकारेही मोजता येतात.