हॉप : उत्तर यूरोपातील घरगुती लागवड

हॉप (लॅ. ह्युम्युलस ल्युप्युलस, कुल – कॅनाबेसी) ही बिअरला कडवटपणा व गंध देणारी बहुवर्षायू वेल असून स्वीडन, फिनलंड व नॉर्वे येथे ती घरालगत लावण्याची प्रथा जुनी आहे. हिवाळ्यात वरचा भाग मरतो, जमिनीतील खोड टिकते. वसंतात फुटलेले धुमारे उन्हाळ्यात 5–8 मी. चढतात. नर व मादी फुले निरनिराळ्या वेलींवर येतात. उपयोगी पडतात ते मादी वेलीचे शंकूसारखे फुलोरे. त्यांत ल्युप्युलीन ही पिवळी, राळयुक्त भुकटी असते.

ह्युम्युलस प्रजातीतील तिन्ही जाती चीनमध्ये आढळत असल्याने प्रजातीचा उगम तिकडचा मानतात. यूरोपीय वेली आशियाई वेलींपासून सु. दहा लाख वर्षांपूर्वीच अलग झाल्या असाव्यात, असे जनुकीय अभ्यासावरून दिसते. स्कँडिनेव्हियात हॉप मूळचीच की आणलेली, हा प्रश्न मात्र वादग्रस्त आहे. ओढ्याकाठच्या रानटी वेली तिचे देशीपण दाखवतात, असे एक मत. त्या ओसाड पडलेल्या शेतवाड्यांतून पसरल्या, असे दुसरे. जुन्या मातीच्या थरांतील परागकणांवरून निवाडा होणे कठीण, कारण हॉप व भांग या एकाच कुलातील वनस्पतींचे परागकण जवळजवळ सारखे दिसतात. त्यामुळे केवळ परागांवर बेतलेला कालनिर्णय जपूनच घ्यावा लागतो. दक्षिणेत वेल रानटी होती व उत्तरेकडे ती माणसाबरोबर सरकली, ही मांडणी त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते. हॉप रुळण्यापूर्वी तिकडे बिअरमध्ये दलदलीत वाढणारे मिरिका गेल हे सुगंधी झुडूप वापरीत.

लिखित पुरावा अधिक ठाम आहे. राजा क्रिस्टोफरच्या 1442 च्या कायद्याने स्वीडनमधील शेतकऱ्यांवर हॉपच्या वेली चढवण्यासाठी 40 काठ्या उभारण्याची सक्ती केली. पुढे हा आकडा 200 वर गेला. आयात रोखणे हा हेतू असावा. फिनलंड 1809 पर्यंत स्वीडनच्या राज्यात असल्याने तेथेही हाच कायदा लागू होता. स्वीडनमध्ये ही सक्ती 1860 मध्ये उठली. कायद्यावरून सरकारची इच्छा कळते; काठ्यांवर प्रत्यक्षात किती वेली होत्या, हे त्यातून ठरत नाही. स्टॉकहोममधील हुमलेगोर्डेन हे उद्यान पूर्वीची शाही हॉपबाग होय. स्वीडनचे राष्ट्रीय ग्रंथालय आज तेथेच आहे.

उत्तरेत लागवडीला खरी मर्यादा थंडीची नसून उजेडाची आहे. बर्फाखालची मुळे कडक हिवाळा सहज काढतात. फुलोऱ्यासाठी शीतकाळ अनिवार्य, असे पूर्वी मानीत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगांनंतर हे मत मागे पडत आहे. दिवस लहान होऊ लागल्यावरच वेल फुलते. व्यापारी लागवड साधारण 35° ते 55° अक्षांशांत एकवटली आहे. स्टॉकहोमला जूनअखेरीचा दिवस साडेअठरा तासांचा, आणि फुलण्याजोगा, म्हणजे 16 तासांखाली, तो ऑगस्टच्या पूर्वार्धात येतो. दक्षिणेकडील उशिरा फुलणाऱ्या वाणांचे फुलोरे त्यामुळे पक्व होण्याआधीच हिमतुषारात सापडतात. जुन्या शेतवाड्यांवर तगलेले स्थानिक वाण लवकर फुलतात. अशा स्वीडिश वाणांचा संग्रह अलनार्प येथील राष्ट्रीय जनुकपेढीत आहे.

लागवड बियांपासून करीत नाहीत, कारण निम्मी रोपे नर निघण्याचा संभव असतो. दोन-तीन डोळे असलेला मूलस्तंभाचा (जमिनीतील खोडाचा) तुकडा वसंतात, निचऱ्याच्या जमिनीत, दक्षिणाभिमुख भिंतीशी लावतात. आधाराला काथ्याचा सुंभ उत्तम. त्यावर तीन-चार धुमारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चढवून बाकीचे खुडतात. कोवळे धुमारे भाजी म्हणून खाल्ले जातात. पहिल्या वर्षी उत्पन्न नाममात्र, तिसऱ्यापासून पुरेसे. मावा हा मुख्य उपद्रव. तो हिवाळा प्लमच्या झाडांवर काढत असल्याने ती शेजारी नसलेली बरी. भुरी व केवडा हे रोगही पडतात.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये फुलोरा कागदासारखा कुरकुरला व बोटांना पिवळी राळ लागली की तोडणी करतात. ताज्या फुलोऱ्यातील सु. 75–80% पाणी वाळवून 8–10% वर आणावे लागते. साठवण हवाबंद व थंड जागी करतात. वापरलेली हॉप कुत्र्यांना विषारी असल्याने उघड्यावर टाकीत नाहीत.

भारतात हॉप हिमाचल प्रदेशातील लाहौलमध्ये होते. तेथे थंडी असली तरी अक्षांश सु. 32° असल्याने उन्हाळी दिवस 14 तासांच्या आसपासच राहतो. उत्तर यूरोपातील ही अडचण तेथे उद्‌भवत नाही.