मंदी आली की चोऱ्या वाढतात, खरंच?

"नोकऱ्या गेल्या की घरफोड्या वाढणारच" हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण, आणि मग काम सुटलेल्या माणसाकडेच आधी संशयाने बघतात लोक, फार वाईट वाटतं याचं. अमेरिकेचं बघा ना, ऑक्टोबर २००९ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली तरी तिथे चोऱ्या-घरफोड्या कमीच होत होत्या. उलट १९६० च्या दशकात लोकांचे पगार वाढत होते, तेव्हा चोऱ्या भरमसाट वाढल्या! गरिबीचा अजिबातच संबंध नाही असं नाही, पण कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की तेव्हा चोऱ्या वाढल्या कारण घरातले सगळेच कामावर जायला लागले, दिवसा घरांना कुलूप, शेजारीही नाहीत, आणि टीव्हीसारख्या महागड्या वस्तू इतक्या हलक्या झाल्या की एकटा चोरसुद्धा काखोटीला मारून पळेल.