सायकलींच्या पुण्यात स्कूटर कशी रुजली

डेक्कन जिमखाना आणि नारायण पेठ यांना जोडणारा मुठेवरील झेड ब्रिज केवळ दुचाकींसाठी आहे. शेजारच्या लकडी पुलावर दुचाकींना वर्षानुवर्षे मज्जाव होता आणि नदीपात्रातला ठेंगणा भिडे पूल खडकवासल्यातून पाणी सोडले की बुडतो. त्यामुळे पेठांतून पलीकडे जाणाऱ्या स्कूटरस्वाराचा झेड ब्रिज हाच नित्याचा मार्ग झाला. शहराने दुचाकीसाठी स्वतंत्र पूल राखावा, ही परिस्थिती स्कूटरने एकटीने आणलेली नाही. तिची पूर्वतयारी सायकलने करून ठेवली होती.

विसाव्या शतकात बराच काळ पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. अंतरे बेताची, पेठांतले बोळ अरुंद आणि वाहन वाड्याच्या दिंडी दरवाजातून थेट आत घेण्याची सोय, यांमुळे थेट दारापर्यंत जाण्याची सवय लोकांना लागली. पुढे वस्ती कोथरूड, सहकारनगरकडे सरकली, पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले आणि अंतरे पायडलच्या आवाक्याबाहेर गेली, तरी ही सवय सुटली नाही.

ज्या स्कूटरने सायकलची जागा घेतली, तिचा आराखडा इटलीतला होता. विमानांचे अभियंते कोर्रादिनो दास्कानिओ यांनी पियाजिओ कंपनीसाठी १९४६ मध्ये व्हेस्पा घडवली. इंजिन मागच्या चाकापाशी झाकलेले आणि पाय ठेवायला सपाट जागा, असे तिचे रूप होते. बजाज समूहाने १९४८ पासून आयात वाहने विकली, १९५९ मध्ये उत्पादनाचा सरकारी परवाना मिळवला आणि पुण्याजवळच्या आकुर्डीत पियाजिओच्या सहकार्याने स्कूटर बनू लागली. हा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सने पुढे प्रिया काढली. मात्र परवाना पद्धतीत किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवत असल्याने नोंदणी करून अनेक वर्षे, कधी दशकभर, थांबावे लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, आणि वापरलेली स्कूटर नव्या गाडीच्या किमतीहून महाग विकली जाई. ज्या शहराच्या वेशीवर कारखाना होता, तेथील लोकांनीही रांगेत उभे राहावे, यातला विनोद त्या काळी कोणाला फारसा जाणवला नसावा.

एवढ्या प्रतीक्षेने आलेली ही गाडी चालवणे हे कौशल्याचे काम होते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नसल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. सकाळी गाडी रुसली की चोक ओढायचा, इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरावे म्हणून ती एका बाजूला कलती करायची, मग पुन्हा किक मारायची. क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत, तर मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. शिवाय इंजिन उजवीकडे असल्याने तोल किंचित त्या अंगाला झुके आणि छोट्या चाकांमुळे प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचे. तरीही पुढे उभे मूल, मागे पत्नी, तिच्या मांडीवर दुसरे मूल आणि हँडलला भाजीची पिशवी, असा अख्खा संसार तिने वाहिला. या चित्रात हँडल जवळजवळ नेहमी पुरुषाच्या हाती असे, हेही नोंदवायला हवे.

माझ्या मते पुण्यातला खरा बदल गिअर गेल्याने झाला. फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या लूना या मोपेडला गिअर नव्हते, पायडल मात्र होते. म्हणजे ती अर्धी सायकलच होती. तिचे इंजिन ५० सीसीचे होते, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तेवढ्या क्षमतेच्या गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकत असल्याने महाविद्यालयीन मुलामुलींची मोठी सोय झाली. १९८४ मध्ये कायनेटिक होंडाने बटणाने सुरू होणारी, आपोआप वेग बदलणारी स्कूटर दिली. किक आणि गिअर हे दोन्ही अडथळे गेल्यावर साडीतली शिक्षिका, बँकेतली कर्मचारी आणि क्लासला जाणारी मुलगी कोणी नेऊन सोडण्याची वाट न पाहता निघू लागली. धूळ आणि उन्हापासून वाचण्यासाठी चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेला स्कार्फ हा पुण्याच्या रस्त्याचा ओळखीचा भाग बनला तो यानंतर.

२००० नंतर होंडाच्या फोर-स्ट्रोक ॲक्टिव्हाने ऑइल मिसळण्याची कटकटही संपवली आणि २००९ मध्ये बजाजने स्कूटरमधून अंग काढून घेतले. २०१८ च्या सुमारास पुण्यातील नोंदणीकृत वाहने ३६ लाखांवर गेली, त्यांत बहुसंख्य दुचाकी होत्या. सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूस आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूस गाड्या लावण्याचा पेठांतला नियम या गर्दीपुढे अपुरा पडतो. २०२० च्या जानेवारीत चेतक हे नाव पुणे आणि बंगळूरुमध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर परतले. तिला किक नाही, गिअर नाही आणि ज्यासाठी गाडी कलती करावी तो कार्ब्युरेटरही नाही.