खाकी उतरली, घड्याळ चालूच

मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला निवृत्तीनंतर सगळ्यात आधी छळते ती पहाट. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या खेड्यांत रात्री शेवटची एसटी येऊन थांबते आणि सकाळी कॉलेजची पोरं, दवाखान्यात जाणारे म्हातारे, बाजाराला निघालेल्या बाया घेऊन तालुक्याला परतते. ही गाडी वेळेवर काढण्यासाठी वर्षानुवर्षं चारला उठलेला माणूस शाल-श्रीफळ घेऊन घरी येतो आणि आठवड्याभरानं विचारलं तर सांगतो, "चार वाजले का डोया उघडतेच गा. आता कुठी जा लागते?"

निवृत्तीचा आदेश शरीरातल्या घड्याळापर्यंत पोचलेला नसतो. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर सुमारे 20 हजार पेशींचा एक ठिपका आहे. झोप, शरीराचं तापमान, हार्मोन्स यांचं वेळापत्रक तिथून चालतं. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं याचा उलगडा फळमाशीवर करणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना 2017चं नोबेल मिळालं. माणसात त्याचा फेरा 24 तासांपेक्षा थोडा मोठा असतो, म्हणून ते रोज उजेडावर लावून घ्यावं लागतं. त्यात वय वाढलं की झोपेची वेळ तशीही अलीकडे सरकते. उन्हाळ्यात अंगणात नाहीतर गच्चीवर झोपणाऱ्याला मे महिन्यात पावणेसहाच्या आतच उजेड गाठतो. तेव्हा लवकर जाग येणं हा आजार नाही. रात्री बारापर्यंत मोबाइल पाहून दुपारी तीन तास लोळलं, की मात्र घड्याळाची खरी गडबड सुरू होते.

एसटीत एकाच गाडीवर दोन वेगळी शरीरं घडतात. याचा अभ्यास लंडनच्या बसवर झाला. जेरी मॉरिस या डॉक्टर-संशोधकानं 1953 साली तिथल्या वाहतूक कर्मचाऱ्यांच्या हृदयविकाराची आकडेवारी मांडली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दुमजली बसच्या पायऱ्या चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. मॉरिस नुसत्या या आकड्यावर थांबले नाहीत. पुढे त्यांनी गणवेशाच्या पँटची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या कमरा जास्त मोठ्या निघाल्या, तरुणपणीसुद्धा. म्हणजे थोडा फरक नोकरीच्या आधीपासूनचा होता. तरी हालचालीचा हृदयाला फायदा होतो, हे नंतरच्या संशोधनांनी पक्कं केलं. आपली एसटी दुमजली नाही, पण लग्नसराईत खच्चून भरलेल्या गाडीत दांडीला टेकत शेवटच्या बाकापर्यंत तिकिटं फाडत जाणं म्हणजे काही कमी व्यायाम नाही. निवृत्त झाल्यावर हा फुकटचा व्यायाम बंद होतो आणि जेवण तेवढंच राहतं. ड्रायव्हरची गोष्ट उलटी. तो बसून-बसून थेट शेतात उतरतो. मे महिन्याच्या उन्हात धुऱ्यावरचं काम एकदम अंगावर घेणं त्याच्या हृदयाला महागात पडू शकतं. सुरुवात सकाळच्या तासाभरानं करावी.

(मे महिना मुद्दाम म्हटला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून टाकून दिलेली पिढी 31 मेला निवृत्त होते. एकेका आगारात त्या दिवशी हारांची रांग लागते. दुसऱ्याच दिवशी एसटीचा वर्धापनदिन, कारण पहिली गाडी 1 जून 1948ला पुण्याहून नगरला गेली.)

कामानं शरीर घडतं, मेंदूचंही तसंच आहे. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते पाठ करावे लागतात, आणि त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या, जागा-रस्ते लक्षात ठेवणाऱ्या भागाची मागची बाजू मोठी असते, हे मेंदूच्या अभ्यासक एलेनॉर मॅग्वायर यांनी 2000 साली दाखवलं. 2006 मध्ये त्यांनी बसचालकांशी तुलना केली. ठरलेल्या मार्गावर गाडी नेणाऱ्यांत तशी वाढ नव्हती. ड्रायव्हरमंडळींनी वाईट वाटून घेऊ नये. मेंदू वापरानुसार घडतो एवढंच यातून कळतं.

माझ्या मते खरा तोटा वेगळाच आहे, आणि निरोपाच्या भाषणांत त्याचा उल्लेख क्वचित होतो. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर 1985 पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात निवृत्तीच्या आधीची आणि नंतरची वर्षं ताडून पाहिली. 2018 साली निष्कर्ष आला: ऐकलेले शब्द आठवण्याची क्षमता निवृत्तीनंतर आधीपेक्षा 38 टक्के वेगानं घसरते. तर्कशक्तीत तसा फरक दिसला नाही. ही स्मृती कशावर जगत असेल? कंडक्टरचा दिवस आठवा. कोण कुठे उतरणार, कोणाचे सुटे द्यायचे राहिले, हाफ तिकीट कोणाचं, कंट्रोलरनं काय सांगितलं, ड्रायव्हरची पोरगी बारावीत किती टक्क्यांनी पास झाली. हे सगळं डोक्यात ठेवायला कोणी शिकवत नाही, आणि ते थांबलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. घरची माणसं जिव्हाळ्याची, पण त्यांच्याशी बोलायचे विषय ठरलेले असतात. आगारात रोज नवा माणूस, नवं भांडण, नवी बातमी मिळते.

म्हणून बसस्थानकाच्या कॅन्टीनमध्ये रोज येऊन बसणाऱ्या निवृत्त ड्रायव्हरला लोक हसतात, ते मला पटत नाही. "करमत नाही बुढ्याले" म्हणतात. तो तिथे कोणती गाडी लेट आहे, कोणाची बदली झाली, घाटंजीच्या रस्त्याचं काम कुठवर आलं याचा हिशेब ठेवतो. विचारलं तर फलाटही सांगतो, आणि बहुतेक वेळा चौकशी खिडकीच्या आधी.