मध्यरात्रीच्या उन्हातली रात्रपाळी

जून महिन्यात पहाटे तीन वाजता अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील प्रूडो बे तेलक्षेत्रात सूर्य उत्तर क्षितिजाच्या थोडा वर असतो आणि रात्रपाळीच्या कामगाराच्या हेल्मेटवर तिरपे ऊन पडत असते. हे ठिकाण ७० अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित पलीकडे आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तेथे सूर्य मावळत नाही आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाही. १९६८ मध्ये येथे तेल सापडले. आज येथील कामगार विमानाने जवळच्या डेडहॉर्स या वस्तीच्या धावपट्टीवर उतरतात, अनेकजण सलग दोन आठवडे रोज बारा तास काम करतात आणि पुढचे दोन आठवडे घरी राहतात. कॅनडाच्या उत्तर भागातील हिऱ्यांच्या खाणींतही अशीच ये-जा चालते, तर रशियाच्या उत्तरेकडे या पद्धतीला ‘वाख्ता’ म्हणतात.

एवढ्या उत्तरेला रात्रपाळी करणे शरीराला सर्वांत जड जात असेल, अशी आपली समजूत असते. ती पुरती बरोबर नाही.

आपल्या मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे २०,००० चेतापेशींचे एक जैविक घड्याळ असते. बाहेरून काही इशारा मिळाला नाही, तर बहुतेक माणसांमध्ये ते २४ तासांपेक्षा थोडे अधिक वेळात एक फेरा पूर्ण करते, म्हणून त्याला रोज जुळवून घ्यावे लागते. हे काम प्रामुख्याने उजेड करतो. डोळ्याच्या दृष्टिपटलातील काही खास पेशी निळसर उजेडाला विशेष संवेदनशील असतात आणि त्या ही वर्दी थेट या घड्याळाला देतात. अंधार पडू लागला की मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे शरीराला रात्र झाल्याचे सांगणारे संप्रेरक स्रवू लागते, तर शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली येते. डोळे मिटायला लागण्याची आणि हातून चूक होण्याची वेळही हीच. या नीचांकाच्या आधी डोळ्यांवर उजेड पडला तर घड्याळ मागे सरकते, म्हणजे झोपेची वेळ पुढे ढकलली जाते, आणि नीचांकानंतर पडला तर झोप लवकर येऊ लागते.

शहरातील रात्रपाळीच्या कामगाराची अडचण इथेच आहे. रात्रभर दिव्यांखाली काम केल्यावर सकाळी घरी जाताना त्याला भरपूर ऊन लागते, आणि रात्री सरकू पाहणारे घड्याळ पुन्हा मूळ जागी ओढले जाते. सुटीच्या दिवशी तो घरच्यांबरोबर दिवसा जागतो. त्याचे शरीर रात्रपाळीला सरावतच नाही.

ध्रुवीय छावणीत ही ओढाताण बरीच कमी असते. हिवाळ्यात सकाळचे ऊनच नसते. उन्हाळ्यात ते असते, पण कामाच्या जागेपासून खोलीपर्यंतचे अंतर थोडे असते, आणि खिडक्यांना जाड काळे पडदे किंवा चक्क ॲल्युमिनियमची फॉइल लावलेली असते. भोजनगृहात संध्याकाळीही न्याहारी मिळते. भोवतालची सगळी माणसे त्याच वेळापत्रकावर असतात, त्यामुळे सूर्याऐवजी पाळीच घड्याळ चालवू लागते. उत्तर समुद्रातील तेलफलाटांवर आणि अंटार्क्टिकातील हॅली संशोधन केंद्रावर संशोधक जोसेफिन आरेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलॅटोनिनच्या लयीचा अभ्यास केला, तेव्हा सलग रात्रपाळी करणाऱ्यांची लय साधारण आठवड्याभरात रात्रपाळीशी जुळलेली आढळली. मात्र हॅलीवर हिवाळ्यात हीच लय दिवसपाळीकडे परतायला फार वेळ घेत असे, कारण तिला मूळ जागी परत आणणारा सूर्य तेथे नव्हता.

म्हणून जोखीम पाळी बदलण्याच्या वेळी सर्वाधिक असते, असे मला वाटते. पहिल्या दोन-तीन रात्री शरीराचा नीचांक अजून पहाटेच असतो, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर उणे ३० अंश तापमान आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला गारठा उणे ४८ अंशांसारखा झोंबतो. अशा हवेत काही मिनिटांतच त्वचा गोठू शकते. बोटांतील रक्तवाहिन्या आकसतात, नटबोल्ट हातात धड धरवत नाही, आणि पेंगुळलेल्या माणसाला हातमोजा निसटल्याचेही उशिरा लक्षात येते. काही ठिकाणी एक आठवडा रात्रपाळी आणि लगेच एक आठवडा दिवसपाळी अशी विभागणी असते. तिथे शरीर जेमतेम जुळते न जुळते तोच वेळापत्रक उलटते. त्यापेक्षा पंधरवडाभर एकच पाळी ठेवणे शरीराला अधिक मानवते, आणि वेळापत्रक आखणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यायला हवे.

पंधरवडा संपल्यावर हा सगळा हिशेब घरी पोचतो. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या पाळीला पुरता सरावलेल्या माणसाचा तापमानाचा नीचांक आता दुपारच्या आसपास गेलेला असतो. घरी पोचल्यावर तो उत्साहाने सकाळीच उन्हात फिरायला गेला, तर ते ऊन नीचांकाच्या आधीचे ठरते आणि घड्याळ आणखी चुकीच्या दिशेने सरकते. त्याने पहिले काही दिवस सकाळी काळा चष्मा वापरावा, घराबाहेर पडायचे ते दुपार उलटल्यावर, आणि जसजसा नीचांक अलीकडे येईल तसतशी बाहेर पडण्याची वेळही रोज थोडी अलीकडे आणावी. शरीर सहसा दिवसाला सुमारे एक तासच सरकते. आठ तासांचे अंतर भरून निघेपर्यंत सुटीचा पहिला आठवडा संपलेला असतो, आणि पुढच्या विमानाला आठवडाही उरलेला नसतो.